नाण्यावरचा प्राणी आणि नाण्यावरचं भांडण: क्रोएशियाच्या युरोबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात जाता जाता एक गोष्ट लिहिली होती, की क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ला आपलं कुना हे चलन सोडून युरो घेतला आणि त्यांच्या १ युरोच्या नाण्यावरच्या एका प्राण्यावरून, नाणं पाडायच्या आधीच, मोठी बोंबाबोंब झाली. एवढंच, पुढचं लिहायला जागा नव्हती. त्यावर तुमच्या इतक्या मेल आल्यात की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. प्रश्न थोडे छाटलेत, काहींनी सारखंच विचारलं होतं ते एकत्र केलंय, रागावू नका.

प्रश्न: ताई, युरो म्हणजे सगळ्यांचं एकच चलन ना? मग प्रत्येक देशाचं नाणं वेगळं आणि नोटा मात्र सगळीकडे सारख्या, हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर: गौडबंगाल काही नाही, वाटणी आहे. नोटांवर कुठल्याच देशाचं काही ठेवलेलं नाही, त्यावरच्या खिडक्या, कमानी, पूल हे सगळं मुद्दाम काल्पनिक काढलं, म्हणजे कोणाचा पूल आला आणि कोणाचा राहिला हा तंटाच नको. नाणी मात्र त्या त्या देशाने काढायची असतात. किती काढायची याला युरोपियन सेंट्रल बँकेची मंजुरी लागते, पण काढतो देश. एक बाजू सगळ्यांची सारखी, आकडा आणि युरोपचा नकाशा, ती बेल्जियमच्या टांकसाळीतल्या लुक लुइक्स यांनी केलेली आहे, आणि दुसरी बाजू देशाची स्वतःची.

आता स्वतःची म्हणजे मोकळं रान मिळालं असं नाही हं. कडेने युरोपियन युनियनचे १२ तारे हवेतच, देशाचं नाव किंवा नावाची अक्षरं हवीत, वर्ष हवं, आणि किती युरोचं नाणं आहे ते परत लिहायचं नाही कारण ते पलीकडच्या बाजूला आहेच (लिपी वेगळी असेल तर सूट, म्हणून ग्रीसचं चालतं). हे सगळं बसवून मधे जी जागा उरते त्यात तुमचा इतिहास, तुमचा अभिमान आणि तुमची भांडणं मावली पाहिजेत. सगळ्यात मोठं नाणं २ युरोचं, त्याचा व्यास २५.७५ मिलिमीटर. सगळ्यात छोटं १ सेंटचं, १६.२५ मिलिमीटर. करा काय करायचं ते.

आणि हो, नाणं कुठल्याही देशाचं असलं तरी युरो चालतो तिथे सगळीकडे चालतं. क्रोएशियात पाडलेलं नाणं लिस्बनच्या दुकानात द्या, कोणी उलटं करून बघणार पण नाही.

प्रश्न: तो प्राणी कुठला आणि बोंबाबोंब कशाची? यावेळी अर्धवट सोडू नका प्लीज.

उत्तर: नाही सोडत. प्राणी म्हणजे मार्टेन, लांबट अंगाचा, झुबकेदार शेपटीचा, जंगलात झाडांवर चपळाईने फिरणारा, शिकार करून खाणारा. क्रोएशियन लोक त्याला कुना म्हणतात आणि चलनाचं नाव त्याच्यावरूनच आलं, कारण मध्ययुगात तिकडे, स्लावोनियाच्या भागात तर नक्कीच, कर म्हणून मार्टेनची कातडी द्यायची पद्धत होती. पुढे कर पैशात घ्यायला लागले तरी त्याला ओळखायचे मार्टेनच्याच नावाने, आणि तेराव्या-चौदाव्या शतकातल्या तिथल्या चांदीच्या नाण्यांवर, त्यांना बानोवात्स म्हणतात, हा प्राणी धावताना दिसतो. म्हणजे नाण्यावर बसायचा त्याचा हक्क चांगला सहाशे-सातशे वर्षं जुना आहे.

मग युगोस्लाव्हियातून बाहेर पडल्यावर सुरुवातीला एक तात्पुरता क्रोएशियन दिनार होता, महागाईने त्याची पार वाट लागली, तो काढून ३० मे १९९४ला कुना आणला, १००० दिनारला १ कुना या हिशोबाने. ती नाणी फार सुंदर होती हे मी पुन्हा पुन्हा सांगणार. १ कुनावर नाइटिंगेल, २ कुनावर ट्यूना मासा, ५ कुनावर अस्वल, आणि खालची लिपा नावाची चिल्लर होती तिच्यावर मका, द्राक्षाची वेल, ओक, तंबाखू, ऑलिव्ह अशी झाडंझुडपं, आणि कुनाच्या नाण्यांवर आकड्यामागे धावणारा मार्टेन. देशाची सगळी शेती आणि जंगल खिशात. पण नावावरून तेव्हासुद्धा खटका उडालाच होता, कारण १९४१ ते १९४५ या काळात नाझींच्या आश्रयाने जे उस्ताशांचं, म्हणजे क्रोएशियन फॅसिस्टांचं, राज्य तिथे होतं त्यांच्या चलनाचं नाव पण कुनाच होतं, आणि त्या राज्याने सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची जी कत्तल केली ती विसरण्यासारखी नाही. सरकारचं म्हणणं, आम्ही मध्ययुगातून नाव घेतलं, ४१ मधून नाही. पटणाऱ्यांना पटलं, बाकीचे गप्प बसले, पुढे सवय झाली.

तर युरो येणार हे ठरल्यावर काय झालं बघा. नाण्यांवर काय असावं याच्या सूचना लोकांकडून मागवल्या, त्यातून जुलै २०२१ मध्ये विषय जाहीर झाले: २ युरोवर देशाचा नकाशा, १ युरोवर मार्टेन, ५०, २० आणि १० सेंटवर विजेच्या क्षेत्रातला शोधक निकोला टेस्ला, आणि ५, २, १ सेंटवर ग्लॅगोलिटिक ही जुनी लिपी. सगळ्यांच्या मागे त्यांचा तो प्रसिद्ध लाल-पांढरा चौकड्यांचा पट, फुटबॉल बघणाऱ्यांना तो सांगायची गरज नाही. म्हणजे चलन जाणार पण त्याचा प्राणी नव्या चलनावर चढून बसणार, ही आयडिया मला तरी जबरदस्त वाटली. मग डिझाइनची खुली स्पर्धा झाली आणि ४ फेब्रुवारी २०२२ला निकाल.

निकाल लागला आणि लोकांनी दोन दिवसांत ते १ युरोचं चित्र आणि एका ब्रिटिश वन्यजीव फोटोग्राफरचा इंटरनेटवरचा मार्टेनचा फोटो शेजारी शेजारी ठेवून फिरवायला सुरुवात केली. साम्य असं की बघणाऱ्याला समजावून सांगावं लागत नव्हतं. फोटोग्राफरला पण कळलं. ७ फेब्रुवारीला त्या डिझायनरने स्वतःहून डिझाइन मागे घेतलं, क्रोएशियाच्या मध्यवर्ती बँकेने ते मान्य केलं आणि त्या एकाच नाण्यासाठी पुन्हा स्पर्धा लावली. आज जे नाणं चालतंय ते या दुसऱ्या फेरीतलं, तिघांच्या टीमने केलेलं.

मला यात डिझायनरपेक्षा निवड समितीचं जास्त नवल वाटतं. प्राणी कोणाच्या मालकीचा नसतो हे खरं, पण फोटो असतो, आणि मार्टेन हा काही रोज अंगणात दिसणारा प्राणी नाही, कोणीही चित्र काढायला बसला तरी आधी फोटोच शोधणार, मग एवढ्या मोठ्या समितीत एकालाही ते चित्र गुगलच्या इमेज सर्चमध्ये टाकून बघावंसं वाटू नये? पाच मिनिटांचं काम. पण पुढचं त्यांनी बरं निभावलं, उगाच आमचं तेच खरं करत बसले नाहीत. नाणी पाडायला अजून वेळ होता म्हणून निभावलं हेही आहेच, चुकीचं चित्र लाखो नाण्यांवर उमटल्यावर हे कळलं असतं तर काय झालं असतं विचार करा.

प्रश्न: टेस्ला तर सर्बियाचा ना? मी बेलग्रेडचं त्याचं म्युझियम बघितलंय, एअरपोर्टला पण त्याचंच नाव आहे. मग क्रोएशियाच्या नाण्यावर कसा?

उत्तर: हाच प्रश्न सर्बियाच्या राष्ट्रीय बँकेने पण विचारला, फक्त जरा वरच्या पट्टीत. २०२१ मध्ये विषय जाहीर झाल्यावर त्यांनी सांगितलं की हा सर्ब लोकांचा सांस्कृतिक आणि वैज्ञानिक वारसा बळकावण्याचा प्रकार आहे आणि आम्ही युरोपियन संस्थांकडे दाद मागू.

आता तथ्यं बघू. टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६, गाव स्मिल्यान, ते तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं आणि आज क्रोएशियात आहे. घराणं सर्ब, वडील ऑर्थोडॉक्स चर्चचे पाद्री. शिक्षणाचा काही काळ कार्लोवाक शहरात, तेही आज क्रोएशियात. मग ग्राझ, प्राग, बुडापेस्ट, पॅरिस असं करत १८८४ला अमेरिकेत, पुढे अमेरिकेचं नागरिकत्व, आणि १९४३ला न्यूयॉर्कमध्ये मृत्यू. अस्थी बेलग्रेडच्या म्युझियममध्ये, तुम्ही बघितल्याच असतील. सर्बियाच्या १०० दिनारच्या नोटेवर त्याचा फोटो आहे. म्हणजे घराणं यांचं, गाव त्यांचं, आणि काम सगळं तिसऱ्याच देशात केलेलं.

मग खरा कोणाचा? मला विचाराल तर दोघांनी लावावा नाण्यावर, अमेरिकेने पण लावावा, विजेचं बिल सगळेच भरतात. मला खटकलं ते वेगळंच. त्याच सुमारास दोन्हीकडचे टीव्हीवाले आणि पुढारी माणसाच्या जातकुळीवर बोलत होते, कोणाची आई कोण, बाप कुठला, आणि त्याने केलं काय, अल्टरनेटिंग करंटची मोटर काय, पॉलिफेज सिस्टीम काय, यावर कोणी पाच मिनिटं बोलेना. नाण्यावर माणूस घेतला की हे होतंच, झाडं आणि पक्षी घेतले की होत नाही. जुन्या कुनाच्या नाण्यांवरचा ट्यूना आमचा आहे म्हणून कोणी शेजाऱ्याने तक्रार केल्याचं ऐकलंय का?

निर्णय मात्र सरळ होता. सर्बिया युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे नाण्याच्या डिझाइनवर हरकत घ्यायची जी अधिकृत वाट असते ती त्यांच्यासाठी उघडीच नव्हती. टेस्ला राहिला. आणि एक नाही, तीन नाण्यांवर राहिला, म्हणजे चित्रकाराला एकच चेहरा १९.७५, २२.२५ आणि २४.२५ मिलिमीटरच्या तीन आकारांत ओळखता येईल असा करायचा होता, मागे चौकडे ठेवून. त्यात २० सेंटच्या नाण्याच्या कडेला सात खाचा असतात, बोटाने चाचपून ओळखता यावं म्हणून, म्हणजे ते धड गोल पण नाही. आणि चौकड्यांचा लाल रंग धातूवर आणणार कुठून, तिथे एक घर जरा उंच, एक जरा खाली असं करून उजेड-सावलीवर भागवावं लागतं. हे काम मला वादापेक्षा जास्त अवघड वाटतं, पण बातमी वादाचीच होते.

प्रश्न: म्हणजे शेजारचा देश युनियनमध्ये असेल तर तो तुमचं नाणं अडवू शकतो? असं कधी झालंय?

उत्तर: झालंय, आणि मजेशीर झालंय. नवं डिझाइन आलं की बाकी देशांना दाखवावं लागतं आणि त्यांना हरकत घेता येते. २०१५ला बेल्जियमने वॉटर्लूच्या लढाईला २०० वर्षं झाली म्हणून २ युरोचं खास नाणं ठरवलं, तिथे हरला कोण तर नेपोलियन, त्यामुळे फ्रान्सने हरकत घेतली आणि बेल्जियमला माघार घ्यावी लागली, सुमारे १ लाख ८० हजार नाणी पाडून झाली होती ती मोडीत. बेल्जियम पण काही कमी नाही. त्यांनी नियम उघडून बघितला तर तो चलनातल्या नेहमीच्या किमतींच्या नाण्यांना लागू, म्हणून त्यांनी अडीच युरोचं नाणं काढलं. अडीच युरोचं नाणं मुळात अस्तित्वातच नाही त्यामुळे कोणाची परवानगी नको, चालणार फक्त बेल्जियममध्ये, आणि त्यावर वॉटर्लूच. याला म्हणतात जिरवणं.

स्लोव्हेनियाने २००७ला युरो घेताना २ सेंटवर राजपुत्राचा दगड घेतला, ज्या दगडावर त्यांचे जुने सरदार गादीवर बसायचे. दगड सध्या ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टमध्ये आहे. तिथल्या प्रांताचे तेव्हाचे प्रमुख यॉर्ग हायडर चिडले, आमच्या म्युझियममधला दगड तुमच्या नाण्यावर कसा म्हणून. नाणं झालंच. स्लोव्हाकियाचं वेगळं, २०१३च्या त्यांच्या खास नाण्यावर सिरिल आणि मेथोडियस हे दोन संत होते तर युरोपियन कमिशनकडून सूचना आली की डोक्यामागची प्रभावळ आणि कपड्यावरचे क्रॉस काढा. देशात त्यावरून एवढं तापलं की शेवटी प्रभावळीसकटच नाणं निघालं.

क्रोएशियाच्या नकाशावरून असं काही झालं नाही, आणि पिरानच्या आखाताच्या हद्दीवरून त्यांचं स्लोव्हेनियाशी किती जुनं वाजलंय हे माहीत असलेल्यांना त्याचं आश्चर्य वाटेल, पण २ युरोच्या नाण्यावर अख्खा देश बसवल्यावर ते आखात सुईच्या टोकाएवढं पण उरत नाही. नकाशा घ्यायचा तर नाण्यावरच घ्यावा.

प्रश्न: एका युरोला ७.५३४५० कुना असा विचित्र रेट कशाला? सरळ साडेसात केला असता तर लोकांना हिशोब सोपा गेला नसता का?

उत्तर: सोपा गेला असता आणि सगळ्यांच्या बचतीत, पगारात, कर्जात कोणाचा तरी फायदा-तोटा झाला असता. युरोला ७.५३४५० कुना हा भाव जुलै २०२०मध्ये, क्रोएशिया युरोच्या वेटिंग रूममध्ये म्हणजे एक्सचेंज रेट मेकॅनिझममध्ये शिरला तेव्हाच मध्यवर्ती दर म्हणून लावला होता, आणि तिथे निदान दोन वर्षं चलन स्थिर ठेवून दाखवावं लागतं. त्यांनी दाखवलं. १२ जुलै २०२२ला युरोपियन युनियनच्या कौन्सिलने, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेने, शेवटची मंजुरी दिली तेव्हा तोच दर कायमचा झाला. नियम असा की दर सहा अंकी असतो आणि त्याला छाटून ७.५३ वगैरे करायची परवानगीच नाही. आधी पूर्ण दराने भागा, मग उत्तर दोन दशांशांवर आणा.

करून बघा. १० कुना म्हणजे १.३२७२ युरो, तिसरा अंक ७, म्हणून १.३३. २० कुना म्हणजे २.६५४५, तिसरा अंक ४, म्हणून २.६५. कधी तुमच्या बाजूने, कधी दुकानदाराच्या. आता १५ कुनाची वस्तू १.९९ युरोला येते, आणि दुकानदार म्हणतो जाऊ दे, दोन करूया. बदमाशी होते ती इथे, दशांशात नाही. म्हणूनच ५ सप्टेंबर २०२२ पासून दोन्ही किमती लिहायची सक्ती केली आणि ती युरो आल्यावरही २०२३ संपेपर्यंत ठेवली. तरी जानेवारी २०२३मध्ये ओरड झालीच, सरकारने सांगितलं की उगाच वाढवलेल्या किमती ३१ डिसेंबरच्या पातळीवर आणा नाहीतर दंड, इन्स्पेक्टर फिरायला लागले. मला वाटतं यात लोकांचा राग खरा होता पण निशाणा थोडा चुकला होता. महागाई युरो यायच्या आधीच १२-१३ टक्क्यांच्या घरात होती, युद्ध, गॅस, तेल, सगळं मिळून. युरोपियन सेंट्रल बँकेच्या लोकांनी नंतर हिशोब मांडला त्यातही चलन बदलाचा वाटा छोटाच निघाला. पण पाटीवरचा आकडा ज्या दिवशी बदलतो त्याच दिवशी माणूस किमतीकडे नीट बघतो, मग खापर त्या दिवसावर फुटतं.

प्रश्न: एका रात्रीत सगळा देश बदलला? एटीएम, दुकानं, भाजीवाले?

उत्तर: रात्र एक, तयारी दोन वर्षांची. नाणी झाग्रेबजवळच्या स्वेता नेदेल्या इथल्या टांकसाळीत पाडली, नोटा त्यांनी छापल्या नाहीत, त्या युरोच्या सामाईक साठ्यातून आणल्या. बँकांना आणि दुकानदारांना आधीच माल पोचवून ठेवला, अट एकच, १ जानेवारीच्या आधी त्यातला एक युरो पण गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. सामान्य माणसासाठी मात्र १ डिसेंबर २०२२ पासून वेगळी पाकिटं विकायला ठेवली, ३३ नाणी, १३.२८ युरोची, किंमत १०० कुना. मी भागाकार करून बघितला, १०० कुनाचे नियमाने १३.२७ होतात, म्हणजे एक सेंट सरकारकडून गिफ्ट! लोकांनी ती ख्रिसमसला वाटली. १४ जानेवारीपर्यंत कुना पण चालत होता, पण सुटे परत द्यायचे ते शक्यतो युरोतच, म्हणजे कुना आपोआप गोळा होत गेला. आणि १ जानेवारीलाच क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसात बॉर्डरवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटात, पण गेला, त्यामुळे बॉर्डरवरचे फाटक उघडण्याचे फोटो आणि एटीएममधून युरो काढण्याचे फोटो एकाच पेपरात.

प्रश्न: लोकांना विचारलं होतं का? सार्वमत वगैरे?

उत्तर: युरोसाठी वेगळं नाही. २०१३ला युरोपियन युनियनमध्ये जाताना जो करार झाला त्यातच हे बांधलेलं होतं, की अटी पूर्ण झाल्या की युरो घ्यायचा, आणि त्या करारावर २०१२ला सार्वमत झालं होतं. २०२१च्या शेवटी एका उजव्या पक्षाने युरोवर सार्वमत घ्या म्हणून सह्यांची मोहीम चालवली, पुरेशा सह्या जमल्या नाहीत. मला वाटतं चित्रांवर एवढी सगळी भांडणं व्हायचं एक कारण हेच आहे. चलन घ्यायचं की नाही हे वरती ठरलेलं, दर वरती ठरलेला, तारीख वरती ठरलेली, सामान्य माणसाला मत द्यायला राहिलं काय तर नाण्याची एक बाजू. मग तो तिथे जीव तोडून भांडणार नाही तर काय करणार.

प्रश्न: माझ्याकडे जुन्या ट्रिपमधले थोडे कुना पडलेत, बदलून मिळतील का?

उत्तर: नोटा असतील तर क्रोएशियाच्या मध्यवर्ती बँकेत बदलतात, मुदत नाही. नाण्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२५ला संपली. ती ठेवा, ट्यूना मासा सुंदर आहे म्हटलं ना.

प्रश्न: २ युरोच्या नाण्याच्या कडेवर काहीतरी लिहिलंय ते काय आहे? भिंग लावूनही नीट लागलं नाही.

उत्तर: ‘ओ लियेपा, ओ द्रागा, ओ स्लात्का स्लोबोदो’. हे सुंदर, हे लाडक्या, हे गोड स्वातंत्र्या, असं काहीसं. डुब्रोव्निकचे कवी इव्हान गुंडुलिच यांच्या १६२८च्या ‘दुब्राव्का’ या नाटकातली ओळ आहे, डुब्रोव्निक तेव्हा स्वतःचं छोटं गणराज्य होतं आणि आजूबाजूला व्हेनिस आणि ऑटोमन साम्राज्य. गुंडुलिच आधी ५० कुनाच्या नोटेवर होते, तिथून निघून नाण्याच्या कडेला आले. आपलं चलन सोडून दुसऱ्यांबरोबर एक होताना स्वातंत्र्याची ओळ कोरायची, यात कोणाला विसंगती दिसली, कोणाला तेच बरोबर वाटलं. मला ती निवड आवडली, आणि चेहऱ्यापेक्षा ओळ बरी, ओळीचा बाप कुठला म्हणून शेजारी सहसा विचारत नाहीत.

प्रश्न: ताई, बल्गेरियाने पण आता घेतला ना युरो? त्यांच्याकडे असे तमाशे झाले का?

उत्तर: हो, १ जानेवारी २०२६ला, ते २१वे. राजकारणात तमाशे भरपूर झाले, रस्त्यावर मोर्चे निघाले, सार्वमताची मागणी झाली. नाण्यांच्या चित्रांवर मात्र शांतता, कारण त्यांनी शहाणपणा केला, जुन्या लेव्हच्या नाण्यांवर जे होतं तेच उचलून नव्यावर ठेवलं. खालच्या सगळ्या सेंटवर मदाराच्या कड्यावर कोरलेला घोडेस्वार, १ युरोवर रिलाचे संत इव्हान, २ युरोवर बल्गेरियाचा इतिहास लिहिणारे भिक्षू पैसी हिलेंदार्स्की. जुन्या १ लेव्ह आणि २ लेव्हवर पण हेच दोघे. लोकांना नाणं हातात घेतल्यावर ओळखीचंच वाटणार. हिशोबाने हे बरोबर आहे, पण बघायला कोणतं आवडेल विचाराल तर मी क्रोएशियाचं म्हणेन, भांडून का होईना काहीतरी नवीन काढलं.

प्रश्न: (हा एका सातवीतल्या मुलीचा आहे) १ सेंटच्या नाण्यावर जे चित्र आहे ते मला दोन वाकड्या खुर्च्यांसारखं दिसतं. ते काय आहे?

उत्तर: ती अक्षरं आहेत गं. ग्लॅगोलिटिक लिपीतली एच आणि आर, म्हणजे ह्रवात्स्का या त्यांच्या देशाच्या नावाची सुरुवात. ही लिपी नवव्या शतकातली, बाकी स्लाव्ह लोकांनी हळूहळू सोडून दिली पण क्रोएशियाच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर चर्चमध्ये ती कितीतरी शतकं टिकली. क्रक बेटावर बाश्का नावाच्या गावाजवळ साधारण ११०० सालचा कोरीव दगड सापडला, त्यावर ही अक्षरं आहेत, तो बघितलास तर खुर्च्याच खुर्च्या दिसतील तुला. आता १ सेंटवर ती नीट दिसत नाहीत कारण नाणंच इवलंसं आहे, आणि फिनलंड, नेदरलँड्स, आयर्लंड, बेल्जियम अशा बऱ्याच देशांत दुकानातला रोखीचा हिशोब ५ सेंटवर नेतात त्यामुळे १ आणि २ सेंट तिकडे फारसे हातात येत नाहीत. ५ सेंटचं मिळतंय का बघ, २१.२५ मिलिमीटरचं आहे, अक्षरं तीच.